समुद्र आलाच नव्हता

देवाचा कौल आणि जपानची मुलाखत एकाच आठवड्यात आली. कौल पुढे ढकलायचा अधिकार कुणाच्या बापाला नव्हता. मुलाखत ढकलता येण्यासारखी होती, आणि मी ती ढकलली. पण अशा रीतीने ढकलली की तेव्हापासून मी गावात मान खाली घालून चालते आहे. मान खाली घालणं हा माझा स्वभाव नव्हे. मालवणच्या बाजारात सुरमईच्या भावावरून मी सगळी रांग थांबवून भांडलेली आहे. पण हल्ली कुणी नुसतं "काय टीचर, बरी मां?" म्हटलं तरी मला वाटतं, ह्याला कळलंय.

मी जपानी शिकवते. आमच्या भागात हे सांगितलं की माणूस आधी हसतो, मग विचारतो, "जपानी? हंय? कोणाक गो?" पुण्यात असताना मी ही भाषा शिकले, तिथल्या एका कंपनीत बरीच वर्षं भाषांतराची कामं केली, आणि मम्मी गेल्यावर पप्पा एकटे पडले म्हणून परत आले. पप्पांनी मालवणात बेकरीत जन्म काढला. आता गुडघे धरून बसतात आणि आल्यागेल्यावर शेरे मारतात. आमचं घर तोंडवलीच्या अलीकडे, चर्चच्या वाटेवर. त्याच्या पडवीत माझा वर्ग भरतो. आमच्या गावच्या, तोंडवलीच्या, मसुऱ्याच्या मुली येतात. बहुतेकींनी नर्सिंगचा लहानसा कोर्स केलेला असतो आणि जपानात म्हाताऱ्या माणसांच्या सेवेची नोकरी मिळते हे कुठूनतरी कानावर आलेलं असतं.

सुरुवातीला मी माझ्याच जुन्या पुस्तकांच्या झेरॉक्स काढून शिकवायचे. मग समजलं की जपानात निवृत्त शिक्षकांचं एक लहानसं मंडळ आहे आणि ते परदेशात जपानी शिकवणाऱ्यांना मदत करतं. मी त्यांना कळवलं. फुकटात पुस्तकं मिळतील, एवढीच माझी हाव होती. पुस्तकं आलीच, पण पुस्तकांबरोबर एक बाईही आल्या. सत्तरी ओलांडलेल्या, एका लहानशा बंदराच्या गावी शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. दर शनिवारी सकाळी त्या आमच्या पडवीत, स्टुलावर ठेवलेल्या लॅपटॉपच्या पडद्यावर येऊन बसायच्या आणि मुलींशी गप्पा मारायच्या. मुली त्यांना 'जपानच्या बाई' म्हणायच्या आणि मला नुसतं 'टीचर'. आमच्यात मोठं कोण, ते त्यावरून समजा.

मंडळाने पाठवलेल्या चित्रांत बर्फ उपसणारी माणसं होती, चकचकीत आगगाड्या होत्या. मुली ती बघून गप्प व्हायच्या. बाईंनी ते ताडलं. त्यांनी आमच्याकडून इथले फोटो मागवले आणि स्वतः चित्रं काढून पाठवली. होडी, जाळं, मासे विकणारी बाई, विहीर. माड काढलेला, तो थेट तोंडवलीच्या सुरूसारखा. पप्पा म्हणाले, "ह्या माडार चडलो तर नारळाऐवजी सुया गावतले." पण त्या दिवसापासून मुली बोलायला लागल्या. बोलायला म्हणजे, तोडकंमोडकं का होईना, स्वतःचं.

एका शनिवारी मुलींनी बाईंना विचारलं, तुमच्या घरातून समुद्र दिसतो का? मग मुलींना समजावं म्हणून अगदी लहान लहान वाक्यांत त्यांनी सांगितलं. "आमच्या गावात समुद्र आला. आम्ही डोंगरावर गेलो. सगळे आले नाहीत. पुष्कळ दिवस शाळेत झोपलो. मग काही जण परत आले. पुष्कळ जण परत आले नाहीत. आता माझ्या गल्लीत तीन घरांत दिवा लागतो." मी मराठीत सांगायला तोंड उघडलं, तर मुली म्हणाल्या, नको टीचर, समजलं. त्यांना भाषांतर न लागलेली ती पहिली गोष्ट. मी तेव्हा तिथेच बसले होते. माझ्या कानांनी ऐकलं होतं. पुढे जे मी केलं, ते हे ठाऊक असून केलं.

आता त्या मुलीबद्दल. आमच्याच गावची. बापूस रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यावर, आवस मालवणच्या बाजारात मासे घेऊन बसते. ही मालवणातल्या एका दवाखान्यात मदतनीस म्हणून काम करायची आणि तिथून थेट वर्गाला यायची. हुशार म्हणाल तर फार नाही. पण चिकट. एक शब्द येईना झाला तर तिच्या कपाळावरची शीर उठायची. जपानच्या बाईंनी त्यांच्याच गावातल्या एका वृद्धाश्रमात तिच्यासाठी शब्द टाकला होता. तिथल्या संचालकांना एक मुलगी हवी होती. एकच. आणि इकडे हिच्या बापाने तिला निक्षून सांगितलं होतं, "शिमग्यापर्यंत काय ता कर. मगे मी स्थळां बघूक सुरवात करतलंय." बाप वाईट नाही हो, पण आमच्याकडच्या बापांचा शिमगा म्हणजे शिमगाच. त्यापुढे तारीख नाही.

मुलाखत मंगळवारी ठरली. संचालकांची एक अट होती. मुलीला त्यांना तिच्या घरात बघायचं होतं, आईबापांबरोबर, पडद्यावरून का होईना. परक्या देशात पोर पाठवायला घर राजी आहे ना, हे त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. मला ते आवडलं. मुलीच्या आवशीने भिंतीला चुना काढला.

आणि मग देवाने कौल दिला. सोमवारी दुपारपासून गावपळण.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्या तालुक्यातल्या काही गावांत, काही वर्षांनी एकदा, ग्रामदेवतेचा कौल घेऊन सगळा गाव वेशीबाहेर जातो. माणसं, गुरं, कुत्री, कोंबड्या, सगळी. तीन दिवस गावात चूल पेटत नाही, दिवा लागत नाही. त्या दिवसांत गाव देवाचा, आणि कुणी म्हणतात देवाबरोबरच्या भुतांचा. चौथ्या दिवशी पुन्हा कौल, मग परत. आम्ही ख्रिस्ती, तरी आम्हीही जातो. पप्पांना कुणी विचारलं तर ते म्हणतात, "देव तेंचो आसात, गाव आमचो मां? गाव भायर पडलो की आमी पण भायर."

मुलीला मी सांगितलं की मंगळवारी घरात बसून मुलाखत होणार नाही. ती जराही घाबरली नाही. उलट तिचे डोळे चमकले. "मगे खोपीतसून बोलया की टीचर! तेंका सांगया, गावपळण आसा म्हणान. तेंका बघूक तरी गावतला!"

मी तिच्यावर खेकसले. "गप रव. मी सांगतंय तेंका कसा सांगूचा ता."

ती गप्प बसली. माझ्यावर विश्वास होता तिचा.

मी का खेकसले? पुण्याच्या ऑफिसात एकदा डबा खाताना मी हौसेने गावपळणीचं सांगितलं होतं. त्यानंतर मी कधीही रजा मागितली की कुणीतरी म्हणायचं, "भुतांनी बोलावलं वाटतं?" मीही हसायचे. हसून हसून माझ्याच गावाची गोष्ट माझ्या घशात कशी रुतून बसली, ते माझं मला कळलं नाही. आता माझ्या डोक्यात तो संचालक बोलायला लागला. भुतांना घाबरून घर सोडणाऱ्या मुलीच्या हाती आम्ही आमची म्हातारी माणसं द्यायची? त्या बिचाऱ्याने असं काही म्हटलं नव्हतं. मीच त्याच्या तोंडी घातलं आणि मीच त्याच्यावर चिडले.

बाईंना फोन लावला तेव्हा खरं सांगायचं वाक्य माझ्याजवळ तयार होतं. आमच्याकडे एक जुनी प्रथा आहे, असं त्याची सुरुवात होती. मी म्हटलं, मंगळवारी जमणार नाही.

"का? काही झालं का?"

"गाव रिकामा करायचा आहे," मी म्हटलं. इथवर सगळं खरं होतं.

"रिकामा?" त्यांचा आवाज बदलला. "का?"

माझं ते तयार वाक्य कुठे गेलं देव जाणे. "समुद्र," मी म्हणाले. "समुद्राचं पाणी वर येतंय. सगळ्यांना बाहेर जायचा आदेश आहे."

आदेश होताच. कुणाचा, ते सांगितलं नाही. जिभेला हाड नसतं म्हणतात. मग बाईंनी फक्त एवढंच म्हटलं, "उंचावर जा. सामान घेऊ नका. लगेच जा." आणि फोन ठेवला. मी मात्र सुटले बाई एकदाची म्हणून चहा केला. खरंच केला. तो चहा आठवला की अजून तोंड कडू होतं.

सोमवारी दुपारी देवळात नगारा वाजला आणि गाव निघाला. आम्ही वेशीपलीकडच्या उताराला काजूच्या बागेत खोपी घातल्या होत्या, वर माडाची झापं टाकून. पप्पा आपली वेताची खुर्ची घेऊन आले आणि एका काजूखाली राजासारखे बसले. मम्मीने आणलेली सायबिणीची, म्हणजे मदर मेरीची, तसबीर टॉवेलात गुंडाळून त्यांनी मांडीवर धरली होती. शेजारच्या बाईच्या कोंबड्या टोपलीखालून सुटल्या आणि त्यांना पकडायला निम्मा गाव धावला. सगळ्यांचा मिळून एकच भात शिजायचा. बायका फुगड्या घालायच्या, भजनाचे बुवा पेटी घेऊन बसायचे. ती मुलगी आपल्या आवशीला एका खोपीत बसवून जपानीत विचारत होती, आजी, पाणी हवं का, पाठ दुखते का? आणि आवस लाजून म्हणत होती, "गे, माका कित्या आजी करतंस?" बघणाऱ्या बाया पोट धरून हसत होत्या. मीच तेवढी हसत नव्हते. उताराखाली मोबाईलची रेंज नव्हती. ती नाही, ह्याचं मला बरंच वाटत होतं.

पण बुधवारी राहवेना. वर सड्यावर, कातळाच्या माळावर, गेले. रेंज आली आणि हातातला फोन थरथरायलाच लागला.

सगळे बाईंचे निरोप. पोचलात का? किती माणसं आहात? म्हातारी माणसं कोणी उचलली? मुलींची नावं घेऊन एकेकीची चौकशी. रात्रीअपरात्रीचे निरोप, म्हणजे बाई झोपलेल्या नव्हत्या. मग एक फोटो होता. वृद्धाश्रमातल्या आज्या टेबलाभोवती बसून कागदाला घड्या घालून पक्षी करतायत, आमच्यासाठी. चोची वाकड्या झालेले पक्षी. आणि शेवटी संचालकांचा निरोप, बाईंच्या मार्फत. ते म्हणत होते, अशा वेळी मुलीने आईवडिलांजवळ असावं. तिला त्यांच्यापासून तोडायचं पाप आम्ही करणार नाही. नोकरीची काळजी तिच्या मनावर नको, म्हणून आम्ही ती जागा दुसऱ्या देशातल्या एका मुलीला दिली आहे. तुमचा गाव पुन्हा उभा राहो.

मी तिथे सड्यावर खाली बसले. मेल्याहून मेल्यासारखं झालं. वाईटपणाने जागा नाकारली असती तर मी भांडले असते. भांडायला मी कुणाच्या बापाला भीत नाही. पण ती त्यांनी चांगुलपणाने नाकारली होती, आणि त्या चांगुलपणाला कारण माझं खोटं. कुणाशी भांडू?

खाली उतरून पप्पांना सांगितलं. दुसरं कुणाला सांगणार? ते तसबीर मांडीवर घेऊन ऐकत राहिले. मग हळूच म्हणाले, "खोटा सांगलंस? तेंका? जेंचो गाव खराच गेलो, तेंका?"

मी म्हटलं, "पप्पा, माका लाज वाटली. भुतांचा कसा सांगू?"

"भुतांची लाज वाटली नि खोट्याची वाटूक नाय?" त्यांचा आवाज चढला. टोपलीखालचा कोंबडा फडफडला. पप्पांनी त्याच्याकडे बोट केलं. "तो बघ. कोंबो झाकलो म्हणान उजवाडायचा रवता काय गो? चड सड्यार नि आत्ताच्या आत्ता सांग."

मी चढले नाही. उद्या सांगते, म्हटलं. बेकरीवाल्या बापाची मुलगी, उद्याचा पाव उद्याच भाजायचा असतो हे मला ठाऊक. पण ही गोष्ट आजचीच होती.

गुरुवारी कौल मिळाला आणि गाव परत आला. सगळ्यांनी दारं उघडली, अंगणं सारवली. ती मुलगी आली आणि विचारायला लागली, "टीचर, मुलाखत कधी?" मी म्हटलं, "शनिवारी बघू." शनिवारी बघू म्हणजे मी बाईंशी बोलेन, असं मला म्हणायचं होतं. मुद्दाम अर्धं बोलले, हेही खरं.

माझा बेत असा होता की शनिवारी मुली यायच्या आधी लॅपटॉप लावायचा आणि बाईंना एकटीने सगळं सांगून टाकायचं. त्या रागावतील, रागावू देत. मंडळाची मदत जाईल, जाऊ दे. पण जपानी माणूस वेळेच्या आधी हजर असतो, हे मीच मुलींकडून घोकून घेतलं आहे. पडदा उघडला तर बाई त्यांच्या घरी नव्हत्याच. मागे वृद्धाश्रमाचं जेवणघर दिसत होतं. बाईंच्या शेजारी एक उंच, टाय लावलेले गृहस्थ उभे. ते संचालक. पाठीमागे चाकांच्या खुर्च्यांमध्ये आज्याच आज्या, आणि खिडकीत दोऱ्याला टांगलेले ते कागदाचे पक्षी. आम्हाला स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय त्यांना चैन पडत नव्हतं.

मी "बाई, मला—" एवढंच म्हटलं, आणि माझ्या मागून जपानीत सुप्रभात आलं, "ओहायो गोझाइमास!"

मुलगी पायरीवर उभी होती. इस्त्री केलेला ड्रेस, केसांत अबोलीचा वळेसर. मागे तिची आवस, सणाची साडी नेसून. त्या दिवशी तिने बाजार बुडवला होता. बापूस पांढरा शर्ट घालून खांबाला टेकला होता. बोलावलं नसताना तिघंही आली होती. शनिवारी बघू म्हटलं होतं ना मी. त्यांनी शनिवार धरला होता.

मुलगी लॅपटॉपसमोर येऊन कमरेत वाकली. बाईंनी तिला बघितलं आणि त्यांचा चेहरा रडवेला झाला. "आहात ना? सगळे आहात? घर? घर आहे का?"

"आहे!" मुलगी म्हणाली. "घर चांगलं आहे."

"पाणी कुठपर्यंत आलं?"

"पाणी?" ती गोंधळली. तिला वाटलं, आपल्यालाच प्रश्न समजला नाही. तिने पडवीबाहेर माडांच्या दिशेला हात केला. "पाणी आलं नाही. समुद्र तिथेच आहे."

त्या क्षणी बोलायला हवं होतं. मी लॅपटॉपची वायर सारखी करत राहिले. आणि मुलीला वाटलं, गावपळण म्हणजे काय ते ह्यांना कळलेलं नाही, आपण सांगायला हवं. तिच्या कपाळावरची शीर उठली. बाई सांगायच्या तशाच लहान लहान वाक्यांत ती सांगायला लागली. मी शिकवलेलं त्यात एकही पाठ वाक्य नव्हतं.

"देवाने सांगितलं, जा. आम्ही गेलो. सगळे गेलो. गाई गेल्या. कोंबड्या गेल्या. टीचरचे वडील खुर्ची घेऊन गेले. बाहेर जेवलो. बाहेर नाचलो. तीन दिवस गाव झोपला. गाव दमतो ना. मग देवाने सांगितलं, या. आम्ही परत आलो."

"सगळे?" बाईंनी विचारलं.

"सगळे."

"एकूण एक?"

"एकूण एक. कोंबड्यासुद्धा."

बाईंनी चष्मा काढला आणि रुमाल डोळ्यांवर धरून बसल्या. मागच्या एका आजीला नीट ऐकू आलं नसावं. तिने शेजारणीला विचारलं, आणि शेजारीण तिच्या कानाजवळ मोठ्याने म्हणाली, "सगळे परत आले म्हणते." ती आजी मान हलवत राहिली. मला तिथून उठून विहिरीत उडी टाकावीशी वाटली. ज्या बाईंच्या गल्लीत तीन घरांत दिवा लागतो, त्यांना मी लाट विकली होती. आणि गाव रिकामा होऊन पुन्हा भरतो, हे त्यांना ऐकायला मिळालं असतं, ते मीच इतके दिवस दाबून ठेवलं होतं.

संचालकांनी घसा साफ केला. रागाने नाही, अगदी अदबीने त्यांनी विचारलं, आणि विचारलं ते मला नाही, मुलीला. "पण तुमच्या सेन्सेई म्हणाल्या होत्या की समुद्र आला. त्या तसं का म्हणाल्या?"

सेन्सेई म्हणजे शिक्षिका, म्हणजे मी. मुलीने माझ्याकडे बघितलं. "टीचर, तुमी तेंका काय सांगलास?"

माझी शुद्ध मराठी, माझी जपानी, पुण्याची बारा वर्षं, काही कामाला आलं नाही. मालवणीच आली तोंडात. "समुद्र इलो म्हणान सांगलंय. गावपळण सांगूक माका लाज वाटली. आणि तुझी जागा गेली. तेंनी ती दुसऱ्या चेडवाक दिल्यानी. माझ्यामुळे."

तिच्या आवशीचा हात तोंडावर गेला. पप्पा आतल्या दारात येऊन उभे होते. मुलगी माझ्याकडे बघत होती. तिने शिव्या दिल्या असत्या तर मी ऐकून घेतल्या असत्या. शिरा पडली तुमच्या तोंडार, म्हणाली असती तर बरं वाटलं असतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिने दंडाला पुसलं, आणि ती पडद्याकडे वळली. उत्तर द्यायचं राहिलं होतं तिचं.

"सेन्सेईंना..." ती म्हणाली आणि अडली. पुन्हा म्हणाली, "सेन्सेईंना..." मग माझ्याकडे वळून तिने विचारलं, वर्गात रोज विचारायची तसंच.

"टीचर, लाज वाटली, ह्येका जपानीत काय म्हणतत?"

टॉवेल, चाकाची खुर्ची, गोळी, दुखतंय का, सावकाश उठा, सगळं शिकवलं होतं मी. हा शब्द पुस्तकात होता. म्हाताऱ्या माणसांच्या सेवेत हा कशाला लागतोय, म्हणून मीच तो धडा गाळला होता.

"हाझुकाशी," मी म्हटलं.

"मोठ्यान सांगा."

"हाझुकाशी," मी मोठ्याने म्हटलं. पडद्यापलीकडच्या सगळ्यांनी ऐकलं.

तिने तो शब्द घेतला आणि वाक्य पुरं केलं. "सेन्सेईंना लाज वाटली." मग कुणी न विचारता तिने दुसरं वाक्य जोडलं. "मला लाज वाटत नाही." शब्द माझा होता. 'नाही' तिने स्वतः लावलं.

खांबाला टेकलेला तिचा बापूस इतका वेळ एक अक्षर बोलला नव्हता. आता त्याने मला विचारलं, "काय सांगता तां?"

भाषांतर माझं काम. आयुष्यभर त्याचंच खाल्लं. मी म्हटलं, "टीचरांका लाज वाटली म्हणता. तेका वाटणा नाय."

"तेका कित्या वाटतली?" तो म्हणाला. अगदी साधेपणाने म्हणाला, मला टोचावं म्हणून नव्हे. मग पुढे येऊन तो पहिल्यांदाच पडद्यात वाकून बघायला लागला. त्या आज्यांकडे, त्या वाकड्या चोचींच्या पक्ष्यांकडे. बराच वेळ बघून म्हणाला, "शिमग्याचा रवांदे. परत मुलाखत कधी आसतली, ता इचारा तेंका."

पहिल्या पुस्तकातलं वाक्य आहे ते. शेंबडं पोरही विचारील. सगळे माझ्याकडे बघत होते. मी तोंड उघडलं, पण कुठल्या तोंडाने विचारू, ते मला कळेना.

तिनेच विचारलं.